फॉस्फेट लागलं की पेशी विभागलीच, असं नसतं हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीत मागे पेशी आणि कॅन्सर यावर एक लेख आला होता त्याबद्दल लिहितेय. पत्र लांबलंय, कापायचंच असेल तर सुरुवात कापा पण मधलं ठेवा ही विनंती. लेखात म्हटलं होतं की पेशीतल्या प्रोटीनला फॉस्फेट चिकटलं की पेशी विभागते, जास्त चिकटलं की विभागतच सुटते आणि त्यालाच कॅन्सर म्हणतात. आणि खाली चौकटीत ठळक अक्षरात 'फॉस्फेट जास्त असलेले पदार्थ टाळा', त्यात दूध, पनीर, डाळी, मासे, अंडी, शेंगदाणे आणि कोल्ड्रिंक सगळे एका ओळीत बसवलेले. लेख किती लोकांनी वाचला देव जाणे पण चौकट वाचली, आमच्या मजल्यावर तरी नक्की वाचली. आमच्या शेजारच्या वहिनींची ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आहे, त्यांनी दुसऱ्या दिवसापासून दूध बंद, डाळ बंद, आणि ओले बोंबील म्हणजे जीव की प्राण असलेली ती बाई नुसता भात आणि दुधीची भाजी खायला लागली. वजन आधीच उतरलेलं. मी विचारलं वहिनी हे कुणी सांगितलं, तर गोळ्यांच्या डब्यातून घडी घातलेलं कात्रण काढून माझ्या हातात ठेवलं. पेपरात आलंय मॅडम, म्हणाल्या.

मी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवायचे, आता रिटायर आहे, परळला राहते, घरी अकरावी-बारावीची मुलं येतात त्यांना शिकवते. आमच्या भागात टाटा हॉस्पिटल असल्यामुळे कॅन्सर हा विषय इथे कुणाला नवीन नाही, नाक्यावरच्या केमिस्टकडे उभं राहिलं तरी रिपोर्ट हातात घेतलेली चार माणसं दिसतात, कुणी जळगावहून आलेलं कुणी बिहारहून. अशी माणसं पेपर वाचतात आणि पेपरवर विश्वास ठेवतात. म्हणून राग आला, नाहीतर चुका काय सगळीकडेच छापून येतात.

पहिली गोष्ट चौकटीची, ती लवकर संपवते. आपण जे फॉस्फेट खातो आणि पेशीत प्रोटीनला जे चिकटतं त्यांचा असा थेट हिशोब लागत नाही, की पाव किलो पनीर जास्त खाल्लं म्हणून चार पेशी जास्त विभागल्या. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो, त्यातला ८५ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तातलं प्रमाण किडनी आणि दोन-तीन हॉर्मोन मिळून एका मर्यादेत धरून ठेवतात, जास्त झालं की लघवीतून बाहेर. ज्यांची किडनी कामातून गेलीय त्यांना डॉक्टर फॉस्फेट कमी खायला सांगतात हे खरं आहे पण त्याचं कारण हाडं आणि रक्तवाहिन्या हे आहे, पेशी विभागणं नाही. प्रोटीनला जे फॉस्फेट चिकटतं ते येतं एटीपीमधून, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनातून, आणि एटीपी पेशी स्वतः तयार करते, वापरते, परत तयार करते, दिवसभरात आपल्या वजनाच्या आसपास एटीपी असं फिरत असतं. दूध सोडून ते थांबत नाही. थांबलं तर माणूसच थांबेल. केमो आणि गोळ्या चालू असताना प्रोटीन कमी खाणं हे मात्र खरोखर नुकसानीचं आहे, तेव्हा ती चौकट चुकीची होती असं स्पष्ट छापा, त्याच पानावर, त्याच जागी.

आता मुख्य मुद्दा. फॉस्फेट लागलं की पेशी विभागते हे वाक्य. हे अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं असल्यामुळेच जास्त घोळ करतं.

प्रोटीनला फॉस्फेट चिकटवणारी एन्झाइम असतात त्यांना कायनेज म्हणतात आणि काढणारी असतात त्यांना फॉस्फटेज. माणसाच्या जीनोममध्ये कायनेजची ५१८ जीन्स आहेत असं २००२ साली मोजून काढलं गेलं, म्हणजे आपल्या जवळपास २० हजार जीन्सपैकी इतकी फक्त या एका कामाला. कायनेज एटीपीचं शेवटचं फॉस्फेट उचलतं आणि प्रोटीनमधल्या सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या अमिनो ॲसिडवर नेऊन बसवतं. फॉस्फेटवर निगेटिव्ह चार्ज असतो, तो तिथे आला की प्रोटीनचा आजूबाजूचा भाग सरकतो, एखादी झाकलेली जागा उघडते किंवा उघडी जागा झाकली जाते, कधी दुसरं प्रोटीन येऊन तिथे बसतं, कधी बसलेलं सुटतं. म्हणजे फॉस्फेट लागल्यावर काय होणार हे फॉस्फेटवर नाही, ते कुठे लागलं यावर आहे. हे वाक्य लेखात असतं तर मी पत्र लिहिलंच नसतं.

हे सगळं सापडलं स्नायूंमध्ये, पेशीविभाजनाशी काही संबंध नसताना. अमेरिकेत सिॲटलला एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स हे दोघं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंतली साठवलेली साखर, फोडणाऱ्या एन्झाइमवर काम करत होते, १९५५ च्या आसपास. स्नायूंचा अर्क फिल्टर पेपरमधून गाळला की एन्झाइम कामाला लागलेलं मिळायचं आणि सेंट्रिफ्यूज केला की निवांत, का ते कळेना. फिल्टर पेपरमधलं कॅल्शियम अर्कात उतरत होतं आणि त्यामुळे आत आधीच असलेलं कायनेज जागं होऊन फॉस्फेट चिकटवत होतं. एवढ्या कागदाच्या भानगडीतून पुढे १९९२ चं नोबेल. मुलांना हे सांगितलं की मुलं पहिल्यांदा मान वर करतात.

पेशी विभागण्याच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं कायनेज म्हणजे सीडीके१. ते एकटं काही करत नाही, त्याला सायक्लिन नावाचं प्रोटीन येऊन चिकटावं लागतं. सायक्लिन टिम हंट यांना १९८२ साली अमेरिकेत वुड्स होलला समुद्रातल्या सी अर्चिन या काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याच्या अंड्यांत दिसलं, अंडी फलित झाल्यावर त्यातली प्रोटीन्स वेगवेगळ्या पट्ट्यांत दाखवणाऱ्या जेलवर बघत होते तर एक पट्टा गडद होत जायचा आणि दर विभाजनाला गायब व्हायचा, परत गडद, परत गायब. बाकीची प्रोटीन्स आपली साठत चाललेली आणि हे एकच मधेमधे नाहीसं होतंय. कुणाच्याही लक्षात आलं असतं असं आता वाटतं, पण तेव्हा ते त्यांच्या लक्षात आलं.

आणि आता फॉस्फेटचा खेळ बघा. सीडीके१ हे स्वतः कायनेज, दुसऱ्यांना फॉस्फेट लावणारं, पण त्याला स्वतःलाही फॉस्फेट लागतं आणि ते वेगवेगळ्या जागी लागतं. १६१ नंबरच्या थ्रिओनीनवर लागलं तर ते कामाला तयार होतं, ते लागलंच पाहिजे. आणि १५ नंबरच्या टायरोसीनवर लागलं तर ते गप्प बसतं. प्रोटीन तेच, लागणारी वस्तू तीच, एका जागी लागली तर चल आणि दुसऱ्या जागी लागली तर थांब. पेशी विभागायच्या आधी सायक्लिन चिकटलेलं असतं, १६१ वर फॉस्फेट असतं, सगळी तयारी झालेली असते आणि तरी १५ वरच्या त्या एका फॉस्फेटमुळे सगळं अडून राहिलेलं असतं. ते फॉस्फेट लावणारं जे कायनेज आहे त्याचं नाव वी-वन आणि ते काढणारं फॉस्फटेज सीडीसी२५. म्हणजे इथे कायनेज पेशीला थांबवतंय आणि फॉस्फटेज तिला विभागायला सोडतंय, तुमच्या लेखाच्या बरोब्बर उलटं!

हे कुणी तर्काने नाही काढलेलं. पॉल नर्स एडिंबरामध्ये एका प्रकारच्या यीस्टवर काम करत होते, लांबट कांडीसारखं यीस्ट असतं आणि ते ठराविक लांबीचं झालं की मधोमध विभागतं. मायक्रोस्कोपखाली त्यांना काही पेशी नेहमीपेक्षा निम्म्या आकाराच्या दिसल्या, म्हणजे त्या वाढ पूर्ण व्हायच्या आधीच विभागत होत्या. त्यांच्यात वी-वन बिघडलेलं होतं. उलट सीडीसी२५ बिघडलेल्या पेशी लांबच लांब वाढत जातात आणि विभागतच नाहीत. नुसती लांबी बघून कळतं कोण काय करतंय, याच्याइतका सुंदर प्रयोग मला तरी शिकवायला दुसरा मिळाला नाही, फळ्यावर तीन रेघा काढल्या की झालं. त्याच्या आधीपासून अमेरिकेत लेलंड हार्टवेल दुसऱ्या यीस्टवर, म्हणजे आपल्या पावाच्या यीस्टवर, न विभागणारी म्युटंट, म्हणजे जीन बिघडलेली यीस्ट, गोळा करत होते. आणि १९८७ मध्ये मेलनी ली आणि नर्स यांनी माणसाची जीन्स सीडीके१ बिघडलेल्या त्या कांडीसारख्या यीस्टमध्ये घातली तर त्यातलं एक माणसाचं जीन घेऊन यीस्ट व्यवस्थित विभागायला लागलं. आपण आणि यीस्ट वेगळे होऊन १०० कोटी वर्षांच्या वर झालीत आणि तरी सुटा भाग बसतो. हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना २००१ चं नोबेल मिळालं.

मधल्या काळात एक प्रयोग झाला त्याचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. १९७० मध्ये पोटू राव आणि रॉबर्ट जॉन्सन यांनी विभागत असलेली एक पेशी आणि निवांत असलेली दुसरी पेशी यांना एकमेकांत मिसळवलं, तर निवांत पेशीतली गुणसूत्रंसुद्धा लगेच घट्ट व्हायला लागली, तिची वेळ झालेली नसताना. म्हणजे विभागणाऱ्या पेशीत असं काहीतरी असतं जे दुसऱ्यालाही ओढून घेतं. पुढच्याच वर्षी योशिओ मासुई यांनी बेडकाच्या अंड्यांत तेच दाखवलं. ते काहीतरी म्हणजे सायक्लिन चिकटलेलं सीडीके१, हे ओळखायला पुढे १९८८ उजाडलं. राव आपल्याकडचे, आंध्रचे. अकरावीच्या पुस्तकात एक ओळ यायला हरकत नव्हती.

ओढून घेतं म्हणजे कसं, तर सीडीके१ थोडंसं जरी सुटलं की ते जाऊन सीडीसी२५ ला फॉस्फेट लावतं त्यामुळे ते आणखी जोरात काम करतं, आणि वी-वनला फॉस्फेट लावतं त्यामुळे ते बंद पडतं. म्हणजे जो सोडवतोय त्याला बळ आणि जो अडवतोय त्याला गप्प, त्यामुळे आणखी सीडीके१ सुटतं आणि मग एकदम सगळं सुटतं. म्हणून पेशी अर्धवट विभागायला लागून विचार बदलत बसत नाही, एकतर नाही नाहीतर पूर्ण.

त्यानंतर जे होतं ते तुम्ही-आम्ही सगळ्यांनी प्रॅक्टिकलला बघितलंय. कांदा ग्लासवर ठेवून मुळं फुटू द्यायची, टोक कापायचं, हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब, ॲसिटोकार्मिन, स्लाइड जरा गरम करायची, कव्हर स्लिप ठेवून ब्लॉटिंग पेपरवरून अंगठ्याने दाबायचं आणि दाबताना स्लिप सरकली की परत पहिल्यापासून. शंभरातल्या बहुतेक पेशी गोल केंद्रक घेऊन बसलेल्या दिसतात आणि मधेच एखादीत लाल दोऱ्यांचा गुंता. तो गुंता म्हणजे गुणसूत्रं घट्ट झालेली, कारण सीडीके१ ने कंडेन्सिन नावाच्या प्रोटीनला फॉस्फेट लावलेलं. आपल्या पेशींत केंद्रकाच्या भिंतीला आतून लॅमिन नावाच्या प्रोटीनचं जाळं असतं, त्याला फॉस्फेट लागलं की जाळं सुटं होतं आणि भिंत विरघळते. भिंत कुणी फोडत नाही हो, तिचे धागे एकमेकांना धरायचं सोडतात. नंतर फॉस्फेट निघालं की तेच धागे परत एकमेकांना धरतात आणि दोन नवीन केंद्रकं तयार, जुनाच माल. परीक्षेत मुलं प्रोफेज, मेटाफेज, ॲनाफेज, टेलोफेज अशी चार चित्रं काढतात, नावं देतात, पाच मार्क घेतात, एका चित्रातून दुसऱ्या चित्रात पेशी जाते कशी हे कुणी विचारत नाही आणि पेपर सेट करणारेही विचारत नाहीत.

मेटाफेजला, म्हणजे गुणसूत्रं मधोमध रांगेत येतात तेव्हा, पेशी थांबते ते तर खास आहे. माणसाच्या ४६ गुणसूत्रांपैकी प्रत्येकाला पेशीच्या दोन्ही बाजूंनी, गुणसूत्रं ओढणारे धागे लागून ताण आलाय का हे तपासलं जातं. आपल्या लोकलमध्ये गार्डची बेल झाली की मोटरमन गाडी काढतो, इथे उलटं, इथे जो डबा तयार नाही तोच बेल वाजवत राहतो आणि सगळ्या डब्यांच्या बेल बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. धागा न लागलेल्या गुणसूत्राच्या सांध्यावर, म्हणजे धागा जिथे लागायचा त्या जागेवर, एमपीएस१ नावाचं कायनेज फॉस्फेट लावत असतं, त्यावर बाकीची प्रोटीन्स जमतात आणि थांबायचा निरोप पेशीभर जातो, एक गुणसूत्र राहिलं तरी पुरे. आणि धागा लागलाय पण दोन्ही टोकं एकाच बाजूला लागलीत, ताण नाही, अशा वेळी ऑरोरा बी नावाचं कायनेज त्या सांध्याला फॉस्फेट लावून धाग्याची पकड सैल करतं, सुटलं की परत प्रयत्न. ताणाचं हे लक्षण मँटिस नावाच्या किड्याच्या पेशीत तपासलेलं आहे, १९९५ मध्ये, ली आणि निकलस यांनी काचेच्या बारीक सुईने एकटं पडलेलं गुणसूत्र हाताने ओढून धरलं तर पेशीला वाटलं सगळं जागेवर आलं आणि ती पुढे गेली! जिवंत पेशीतलं गुणसूत्र सुईने ओढायचं, हात किती स्थिर लागत असेल विचार करा.

इथे सदाफुलीबद्दल एक लिहायलाच हवं कारण तेही व्हॉट्सॲपवर फिरतंय. सदाफुलीपासून व्हिनक्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही औषधं मिळतात हे खरं आहे, ती गुणसूत्रं ओढणारे धागे तयारच होऊ देत नाहीत, त्यामुळे पेशी तिथेच अडकून पडते आणि शेवटी बऱ्याचदा मरते. पण म्हणून गॅलरीतल्या कुंडीतली पानं उकळून प्यायची नसतात. ही औषधं मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात, आणि पानात किती काय आहे हे कुंडीला माहीत नसतं. उलट्या, नसांचा त्रास, रक्तातल्या पेशींचा काउंट पडणं, काहीही होऊ शकतं. हे मात्र चौकटीत छापा.

आता फॉस्फटेज. यांच्यावर कुणी लेख लिहीत नाही, बिचारे नेहमी 'आणि नंतर फॉस्फेट निघून जातं' एवढ्या ओळीत. निघून जातं म्हणजे काय आपोआप उडतं का? पीपी२ए-बी५५ नावाचं फॉस्फटेज आहे, ते सीडीके१ ने लावलेली फॉस्फेट काढून टाकतं. आता दोघं एकाच वेळी काम करायला लागले तर एक लावतोय एक काढतोय, नुसती एटीपीची नासाडी. म्हणून पेशी विभागायला निघाली की सीडीके१ आणखी एका कायनेजला उठवतं, ग्रेटवॉल, ते एका छोट्या प्रोटीनला फॉस्फेट लावतं आणि ते छोटं प्रोटीन जाऊन पीपी२ए-बी५५ ला धरून बसतं. हे २०१० मध्ये दोन टीम्सनी एकदमच दाखवलं. नंतर सायक्लिनचे तुकडे केले जातात, ते करणारी जी यंत्रणा आहे तिलाही कामाला लावायला सीडीके१ चंच फॉस्फेट लागतं म्हणजे बाईसाहेबांनी स्वतःच्या निवृत्तीचे कागद स्वतःच सही करून ठेवलेले, आणि सायक्लिन गेलं की सीडीके१ गार, ग्रेटवॉल गार, फॉस्फटेज मोकळं. मग ते फटाफट फॉस्फेट काढतं आणि पेशीच्या दोन पेशी होऊन परत निवांत. फॉस्फटेज बंद पाडलं तर काय होतं तेही माहीत आहे, ओकाडाइक ॲसिड नावाचं विष आहे, समुद्रातले सूक्ष्मजीव ते बनवतात आणि शिंपल्यांत साठतं, ते पेशींना दिलं तर फॉस्फटेज बंद पडतात आणि पेशी वेळेआधीच विभागायच्या मागे लागतात. तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं कालवण आवडणाऱ्यांनी एवढ्यावरून घाबरू नये, मी प्रयोगशाळेतल्या डिशबद्दल बोलतेय. नाहीतर पुढच्या रविवारी तिसऱ्यापण चौकटीत जायच्या.

आता वहिनींच्या गोळीकडे येते, कारण खरा प्रश्न तिथे आहे. त्यांना पाल्बोसिक्लिब चालू आहे. पेशीने विभागायचं की नाही हा निर्णय विभागायच्या बराच आधी होतो, तिथे सीडीके४ आणि सीडीके६ ही दोन कायनेज आरबी नावाच्या प्रोटीनला फॉस्फेट लावतात. आरबी एरवी पेशीला डीएनएची कॉपी काढायला लागणारी जीन्स दाबून ठेवतं, फॉस्फेट लागलं की त्याची पकड सुटते. हॉर्मोनवर वाढणाऱ्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये हीच कायनेज जास्त चालतात. पाल्बोसिक्लिब त्यांच्या एटीपीच्या जागेत जाऊन बसतं. अमेरिकेत २०१५ ला परवानगी मिळाली, त्याच जातीची रिबोसिक्लिब आणि अबेमासिक्लिब २०१७ ला. आपल्याकडे पाल्बोसिक्लिबचं पेटंट २०२३ च्या जानेवारीत संपलं आणि आपल्या कंपन्यांच्या गोळ्या आल्या तेव्हा कुठे ती वहिनींसारख्यांच्या हाताशी आली.

ही गोळी २१ दिवस घ्यायची आणि ७ दिवस नाही. वहिनी मला म्हणाल्या, मॅडम हे सात दिवस कॅन्सर मोकळाच की, मी गुपचूप घेत राहू का? बघा हं. चुकून घेतल्या असत्या तर. बोनमॅरोमधल्या, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या, पेशीही सीडीके६ वापरूनच विभागतात, गोळीने त्याही थांबतात आणि पांढऱ्या पेशींचा काउंट उतरतो. पण त्या बहुतांशी थांबलेल्या असतात, नेहमीच्या केमोसारख्या मेलेल्या नसतात, गोळी बंद केली की परत विभागायला लागतात आणि काउंट वर येतो. म्हणून ते सात दिवस आणि म्हणून दर सायकलच्या आधी सीबीसी म्हणजे काउंट बघायची रक्ततपासणी, पहिल्या दोन सायकलला तर पंधराव्या दिवशीही. अबेमासिक्लिब मात्र सुट्टी न घेता रोज दोनदा देतात आणि त्यात काउंटपेक्षा जुलाबाचा त्रास जास्त, त्यामुळे एकीचं वेळापत्रक दुसरीने वापरायचं नाही, आमच्या बिल्डिंगमध्ये हेही चालतं. एवढं सांगितल्यावर वहिनींनी कॅलेंडरवर सात चौकोनांना पेन्सिलने गोल केले आणि म्हणाल्या मग हे डॉक्टर का नाही सांगत. डॉक्टरांनी सांगितलंही असेल, ओपीडीत दोनशे माणसं बाहेर बसलेली असताना सांगितलेलं किती डोक्यात शिरतं.

आणि कायनेज बंद केलं की विभाजन थांबतं असं तरी नेहमी होतं का, तर नाही. रेडिएशनने किंवा औषधाने डीएनए तुटला की पेशीतली एटीएम-एटीआर ही कायनेज जागी होतात, ती पुढे चेक कायनेजना उठवतात, ती सीडीसी२५ ला अशा जागी फॉस्फेट लावतात की ते बाजूला पडतं आणि पेशी दुरुस्ती होईपर्यंत थांबते. परत तेच, मगाशी सीडीसी२५ ला फॉस्फेट लागून जोर आला होता, आता दुसऱ्या जागी लागून ते बाद झालं. बऱ्याच कॅन्सर पेशींची आधीची तपासणी बिघडलेली असते, त्या या एका थांब्यावर जगतात. म्हणून आता वी-वन बंद करणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत, अजून सर्रास मिळत नाहीत, पण कल्पना बघा, वी-वन बंद केलं की पेशी तुटका डीएनए घेऊन घाईने विभागायला जाते आणि त्यातच मरते. कायनेज बंद करून विभाजन वाढवायचं आणि त्याने कॅन्सरची पेशी मारायची! तुमच्या लेखातलं वाक्य घेऊन हे औषध कुणाला समजावून सांगाल?

लेखकावर माझा राग नाही, त्यांनी कुठूनतरी इंग्लिशमधलं पटकन उचललं असेल आणि शनिवारी पान द्यायचं असेल. पण आपल्या इथे टाटा आहे, खारघरला टाटाचंच संशोधन केंद्र ॲक्ट्रेक आहे, कुलाब्याला टीआयएफआर ही विज्ञान संशोधन संस्था आहे, चुनाभट्टीला मराठी विज्ञान परिषद आहे, पेशींबद्दल मराठीत विचारायला फोन करायला माणूस मिळत नाही असं मुंबईत म्हणता येणार नाही. छापायच्या आधी एकदा दाखवा कुणालातरी. आणि आहाराची चौकट तर डॉक्टर किंवा डाएटिशियनने बघितल्याशिवाय लावूच नका.

दुरुस्ती छापाल तेव्हा हे दोन मुद्दे नक्की घ्या. एक, ट्रीटमेंट चालू असलेल्यांनी दूध, डाळी, अंडी, मासे पेपर वाचून बंद करू नयेत, आपल्या डॉक्टरांना विचारावं. दुसरं, फॉस्फेट कुठे लागलं त्यावर पेशी विभागणार की थांबणार हे ठरतं. चित्रासाठी जागा असेल तर सीडीके१ चं काढा, १५ आणि १६१ दोन्ही जागा दाखवून, वी-वन आणि सीडीसी२५ बाजूला. कच्चं चित्र मी सोबत जोडलंय, हाताने काढलंय, आपल्या आर्टिस्टकडून नीट करून घ्या. वहिनींनी डाळ आणि अंडी परत चालू केली आहेत, बोंबलाचं पुढच्या ओपीडीत विचारून मगच.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, परळ, मुंबई